औषध सुरू झालं तरी पुडी सुटत नाही, म्हणजे उपचार फसला का?

सांगली जिल्हा अलीकडे नशेच्या बातम्यांत सारखा दिसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, मोठा साठा उचलला. मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई पोलिसांनी एमडी बनवण्याचा कारखाना पकडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ तसाच आणखी एक सापडला. या बातम्यांत किलो असतात, कोटी असतात, आरोपींची नावं असतात. ज्या घरातला मुलगा नशा करतो, त्या घराचा प्रश्न मात्र बातमी संपते तिथून सुरू होतो.

त्यातला एक प्रश्न फार छळतो. समजा, गर्दची पुडी ओढणाऱ्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली. चार-सहा दिवस बरे गेले. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या खिशात पुन्हा पुडी ओढायची पन्नी सापडली, किंवा लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली. वडील म्हणतात, ‘पैसे पाण्यात गेले, बंद करा त्या गोळ्या.’ आई रडते. मुलगा म्हणतो, ‘मला नाही जमायचं.’ आणि पुढच्या तारखेला कुणीच दवाखान्यात जात नाही.

मला इथं एवढंच पटवून द्यायचं आहे की सुरुवातीच्या आठवड्यांत असं होणं हा बहुतेक वेळा उपचाराचाच एक टप्पा असतो. खरं नुकसान होतं ते ‘बंद करा’ म्हटल्यानं. हे का, ते समजायला आधी थोडं शरीर समजून घ्यावं लागेल.

## एमडीचं वेगळं, गर्दचं वेगळं

नशेचे सगळे पदार्थ एका जातीचे नसतात, आणि या एका गोष्टीवरून घरोघरी फार गोंधळ होतो. एमडी मेंदूला उत्तेजित करतं. झोप उडते, भूक मरते, बडबड वाढते. जिमच्या आसपास फिरणारं मेफेंटरमाइनचं इंजेक्शनही त्याच जातीचं.

हा लेख ज्या गटाबद्दल आहे तो उलट दिशेनं काम करतो. त्याला ओपिऑइड म्हणतात: अफू, अफूपासून बनलेले पदार्थ, आणि कारखान्यात बनलेली पण अफूसारखं काम करणारी औषधं. गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ते यात येतं. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन येतं. ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्या येतात. ट्रामाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, कक्षेत आलं. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळीचं उत्पादन आणि निर्यात केंद्रानं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली. म्हणजे ‘ही तर मेडिकलमधली गोळी आहे, गर्द थोडीच आहे’ हा युक्तिवाद मेंदूपुढं चालत नाही. २०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं प्रसिद्ध केलेल्या, एम्सनं केलेल्या सर्वेक्षणात देशभरात साधारण २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेत असल्याचं निघालं. त्यांतला मोठा वाटा अशा गोळ्या-औषधांचा होता.

तिसरा गट झोपेच्या गोळ्यांचा. ज्यांना पोरं ‘बटन’ म्हणतात त्या नायट्राझेपामच्या गोळ्या यात येतात. त्यांच्याकडं पुढं परत यावं लागेल.

वेगवेगळं सांगायचं कारण हे, की ओपिऑइडच्या व्यसनावर नेमकी आणि तपासून पाहिलेली औषधं आहेत. एमडीवर तशी ताकदीची गोळी अजून नाही. त्यामुळं शेजारच्या पोराचं एमडी कसं सुटलं हे ऐकून आपल्या घरातल्या गर्दवर तोच उपाय करायला जाऊ नये.

## टर्की म्हणजे काय होतं?

आपल्या मेंदूत काही ठरावीक जागा असतात. अफूसारखा पदार्थ तिथं जाऊन बसला की दुखणं कमी होतं, श्वास मंदावतो, सगळं छान वाटतं. डॉक्टर या जागांना रिसेप्टर म्हणतात, आपण ‘जागा’च म्हणू. रोज पुडी ओढली की मेंदू त्या पदार्थाला धरून स्वतःला जुळवून घेतो. कालच्या एवढ्यात आज भागत नाही. मग एक वेळ अशी येते की मजेचा भाग जवळपास संपलेला असतो, आणि सकाळी अंथरुणातून उठून कामावर जाता यावं एवढ्यासाठी पुडी लागते.

ती मिळाली नाही की जांभया येतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, अंगावर काटा उभा राहतो, हाडं ठणकतात, पोटात मुरडा येतो, जुलाब लागतात, झोप तर नाहीच. यालाच नशा करणारे टर्की म्हणतात. हेरॉइनची टर्की शेवटच्या पुडीनंतर ६ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जाते आणि आठवड्याभरात बरीचशी ओसरते.

घरच्यांचा हिशेब इथंच चुकतो. ‘सलाईन लावा आणि आठ दिवसांत साफ करा’ ही मागणी डॉक्टरांना नवीन नाही. आठ दिवसांत अंगातली टर्की जाते हे खरं. झोपेचा बिघाड, उदासी आणि ओढ मात्र पुढं कित्येक आठवडे, कधी महिने राहते. अंग मोकळं झालं म्हणून मेंदू पूर्ववत झाला असं होत नाही.

## ती जिभेखालची गोळी करते काय?

तिचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. ती स्वतः ओपिऑइडच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती अर्धवट काम करते. मेंदूतल्या त्या जागा ती घट्ट पकडून बसते, त्यांना थोडंच चेतवते, आणि एका मर्यादेपुढं डोस वाढवला तरी तिचा परिणाम वाढत नाही. त्यामुळं टर्की थांबते, डोकं जागेवर राहतं, आणि हेरॉइननं जसा श्वास बंद पडू शकतो तसा धोका तिच्यात बराच कमी असतो. परिणाम चोवीस तास किंवा त्याहून जास्त टिकतो, म्हणून बहुतेकांना दिवसातून एकदा पुरते.

बऱ्याचदा तिच्यात नॅलोक्सोन नावाचं दुसरं औषध मिसळलेलं असतं. गोळी जिभेखाली ठेवली तर ते जवळजवळ काहीच करत नाही. कुणी गोळी कुटून शिरेत टोचली तर मात्र ते टर्की आणतं. गैरवापर रोखण्यासाठी केलेली ही सोय आहे.

ही काही प्रयोगातली नवी गोष्ट नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ती १९९० च्या दशकापासून वापरात आहे. इंजेक्शननं नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही पसरू नये म्हणून नॅको ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना तिचीच केंद्रं चालवते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये तिला मेथाडोन या तशाच दुसऱ्या औषधाबरोबर अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. साध्या मेडिकलमध्ये ती सर्रास मिळत नाही, आणि मिळू नये हेच बरं.

## मग पहिल्या काही आठवड्यांत पुडी का चालू राहते?

सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित कारण म्हणजे डोस कमी पडणं. मेंदूची छायाचित्रं घेऊन केलेल्या अभ्यासात दिसलं की २ मिलिग्रॅमनं त्या जागांपैकी जेमतेम ४० टक्के भरतात, आणि १६ मिलिग्रॅमनं ८० टक्क्यांच्या आसपास. डॉक्टर सुरुवात जपून, कमी डोसनं करतात. ते योग्यच आहे. शिवाय रक्तातली पातळी स्थिर व्हायला आठवडाभर जातो. या मधल्या काळात सकाळी गोळी घेतलेल्या माणसाची दुपार बरी जाते, आणि संध्याकाळी पाय ओढायला लागतात, जांभया सुरू होतात. तेव्हा तो पुडी शोधतो. हे वागणं वाईट दिसतं, पण ते मुळात अर्धवट उपचाराचं लक्षण असतं.

इथं घरचे नकळत आगीत तेल ओततात. ‘डॉक्टर, कमीत कमी द्या, याची सवय नको लागायला.’ काही डॉक्टरही या दबावाला बळी पडतात. माझ्या मते या उपचारातली सगळ्यांत महाग पडणारी काटकसर हीच. अर्थात डोस वाढवायचा की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. घरी बसून दोनाच्या चार गोळ्या करायच्या नाहीत.

दुसरं कारण जरा विचित्र आहे आणि ते माहीत नसल्यानं कित्येक जण पहिल्याच दिवशी पळून जातात. समजा, मुलानं सकाळी सातला पुडी ओढली आणि दहाला डॉक्टरांना सांगितलं, ‘कालपासून काही घेतलं नाही.’ डॉक्टरांनी गोळी दिली. मेंदूतल्या जागांवर अजून हेरॉइन बसलेलं आहे. ब्युप्रेनॉर्फिनची पकड जास्त घट्ट, म्हणून ते हेरॉइनला उठवून स्वतः बसतं. पण ते चेतवतं अर्धवटच. पूर्ण परिणामावरून अर्ध्यावर अशी एकदम घसरण झाली की तासाभरातच जबरदस्त टर्की येते, नेहमीपेक्षा वाईट. मुलगा घरी जाऊन सांगतो, ‘त्या गोळीनं मला मारलंच होतं,’ आणि पुडी घेऊन मोकळा होतो. पुन्हा गोळीचं नाव काढत नाही.

म्हणूनच हेरॉइननंतर निदान बारा तास जावेत आणि टर्कीची लक्षणं डोळ्यांना दिसावीत, मगच पहिली गोळी, असा दंडक आहे. लांब टिकणारं काही घेतलं असेल तर त्याहून जास्त थांबावं लागतं. आता जिथं खरं सांगितलं की शिव्या मिळतात तिथं कोण खरं सांगेल? दवाखान्यात आणि घरात खरं बोलायला जागा असणं ही इथं निव्वळ माणुसकीची गोष्ट राहत नाही, पहिली गोळी कधी द्यायची ते त्यावर ठरतं.

तिसरं कारण म्हणजे जुनी वाट. गोळी टर्की थांबवते, आठवणी पुसत नाही. शनिवारी पगार हातात पडला, तोच मित्र भेटला, त्याच वळणावर गाडी वळली, की मेंदू आपोआप तयारीला लागतो. वर्षानुवर्षांची ही सांगड सुटायला वेळ लागतो, आणि ती सोडवायला गोळीबरोबर समुपदेशन, काम आणि वेगळी संगत लागते.

चौथं कारण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. बरेच जण गोळी चालू असताना मुद्दाम पुडी ओढून बघतात. चढते का, हे बघायचं असतं. डोस पुरेसा असेल तर फारशी चढत नाही, कारण जागा आधीच भरलेल्या असतात. ‘पैसे वाया गेले’ असं तो स्वतःशीच म्हणतो. म्हणजे औषध जे करायला दिलंय ते करतंय! आणि नेमकी तीच पन्नी आईला सापडते, आणि घर ठरवतं की औषध निकामी आहे.

याशिवाय अंगात खरंच दुखणं असतं, झोप नसते, आधीपासूनचं नैराश्य असतं. ते कुणी विचारलंच नाही तर माणूस जुन्याच औषधाकडं वळतो.

## एका रीडिंगवरून पूर ठरत नाही

लघवीची तपासणी कशी वाचायची हे सांगलीकरांना समजावणं तसं सोपं आहे. कृष्णेचं पाणी चढलं की आपण सगळे आयर्विन पुलाची पातळी विचारतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेलेली आपण पाहिली आहे. पाणी उतरतानाही ते सरळ रेषेत उतरत नाही. दिवसभरात फूटभर खाली जातं, कोयनेतून विसर्ग वाढला की रात्री चार-सहा इंच पुन्हा चढतं. त्या चार इंचांवरून ‘पूर ओसरतच नाही’ असं कुणी म्हणत नाही, आणि त्या रात्री छावणीही कुणी मोडत नाही. आपण बघतो की काल काय होतं, आज काय आहे, आणि वरून किती सुटतंय.

पॉझिटिव्ह आलेली एक तपासणी हे तसंच एक रीडिंग. विचारायचं ते असं: आधी दिवसातून चारदा लागायची, आता आठवड्यातून कितीदा? टोचून घ्यायचा, ते थांबलं का? पैसे घरात यायला लागले का? रात्री जेवतो का? आणि वरून काय सुटतंय, म्हणजे डोस कमी पडतोय, कुणी देणेकरी मागं लागलाय, की झोपच लागत नाही?

त्यातून या तपासणीच्या पट्टीलाही मर्यादा आहेत. नेहमीची पट्टी मॉर्फिन शोधते. हेरॉइन घेतल्यावर दोन-तीन दिवस ते दिसू शकतं. ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल त्या पट्टीवर दिसत नाही, त्याची वेगळी तपासणी लागते. म्हणजे निगेटिव्ह आली म्हणून सगळं आलबेल असं नाही. उलट खसखस भरपूर खाल्ली तर निव्वळ त्यानंही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण खसखस ही अफूच्याच बोंडातली. दिवाळीत अनारशांवर ताव मारलेल्या मुलाला चोर ठरवण्याआधी हे आठवावं. ब्युप्रेनॉर्फिन दिसायलाही वेगळी पट्टी असते. गोळी खरंच घेतोय का हे बघायला डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. ऑनलाइन पट्ट्या मागवून घरात रोज सकाळी खटला भरवू नये, ही माझी कळकळीची विनंती.

## स्टॉकहोमच्या चाळीस जणांचं काय झालं?

‘चालूच आहे तर औषध कशाला?’ या प्रश्नाला सगळ्यांत स्वच्छ उत्तर स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासानं दिलं. तो २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हेरॉइनचं व्यसन असलेले चाळीस जण घेतले. त्यांतल्या वीस जणांना वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या वीस जणांना ते सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढं तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या दिल्या. समुपदेशन, गटात बसणं, आठवड्यातून अनेकदा लघवी तपासणी हे सगळं दोन्ही गटांना सारखंच.

वर्षाअखेर औषध मिळालेल्या वीसपैकी पंधरा जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही उरला नव्हता, आणि त्यांतले चौघे वर्षभरात दगावले होते. औषधाच्या गटात मृत्यू एकही नाही.

याच अभ्यासातली जी गोष्ट सहसा सांगितली जात नाही तीच आपल्या कामाची आहे. औषधावर टिकलेल्या त्या लोकांच्याही लघवीच्या नमुन्यांपैकी साधारण पाऊण हिस्साच निगेटिव्ह होता. चारांतला एक नमुना नशेचा. इतक्या चांगल्या निकालाच्या अभ्यासातही अधूनमधून नशा होत राहिली. पहिल्या पॉझिटिव्ह नमुन्याला त्या लोकांना घरी धाडलं असतं, तर पंधरा जण टिकलेच नसते.

पुढं २०१७ मध्ये अनेक देशांतले आकडे एकत्र करून पाहिले गेले. ब्युप्रेनॉर्फिनवर असताना दर हजार माणसांमागं वर्षाला साधारण ४ मृत्यू, उपचार सोडल्यावर साधारण ९. मेथाडोनमध्ये ११ विरुद्ध ३६. उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे खास धोक्याचे निघाले. मेथाडोनमध्ये सुरुवातीचे चार आठवडेही जपायचे असतात, कारण त्याला ब्युप्रेनॉर्फिनसारखी वरची मर्यादा नाही.

## ‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावली!’

हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. गोळी अचानक बंद केली तर टर्की येते, म्हणजे शरीराला तिची सवय झालेली असते हे खरंच आहे. पण सवय आणि व्यसन यांत फरक आहे. व्यसनात माणूस पुढच्या पुडीसाठी आईचं मंगळसूत्र विकतो, कामावर जात नाही, सुई वाटून घेतो, आणि नुकसान दिसत असूनही थांबू शकत नाही. नीट डोसवर असलेला माणूस सकाळी एक गोळी घेऊन दुकान उघडतो. त्याला झिंग नसते. त्याचा दिवस नशेभोवती फिरत नाही. शरीराला लागणारी ती गोळी त्याला पुन्हा माणसांत आणून बसवत असेल, तर तिला काय नाव द्यायचं यावर वाद घालण्यात मला रस नाही.

## ‘सहा महिने केंद्रात ठेवला की सुटेल’

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेलं ‘परिवर्तन’, पुण्याचं ‘मुक्तांगण’ अशा संस्थांनी महाराष्ट्रात व्यसनी माणसाला आजारी माणूस म्हणून वागवायला शिकवलं. निवासी उपचारांचा उपयोग आहेच. माझा आक्षेप आहे तो औषधाची योजना न करता निव्वळ कोंडून ठेवण्यावर.

एक गोष्ट इथं जीवघेणी ठरते. तीन महिने लांब राहिल्यावर शरीराची सहन करण्याची ताकद उतरलेली असते, डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. बाहेर आल्यावर एकदा घसरला आणि जुन्याच हिशेबानं घेतलं, तर श्वास बंद पडतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांवर झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिडोसानं मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट निघाला. केंद्रातून ‘पूर्ण बरा होऊन’ आलेल्या मुलाच्या घरच्यांना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

पूर्ण थांबलेल्या माणसासाठी नालट्रेक्सोन हे तिसरं औषध असतं. ते जागा अडवून ठेवतं, चेतवत अजिबात नाही. ते सुरू करण्याआधी सात ते दहा दिवस अंगात काहीच ओपिऑइड असता कामा नये, आणि ते टाळलं तर संरक्षण संपतं. निश्चय पक्का असलेल्या आणि घरून कुणीतरी रोज समोर गोळी देणाऱ्या माणसाला ते उपयोगी पडतं.

आणि साखळदंडाचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळीनं बांधून ठेवायला मनाई आहे. जिथं असं चालतं तिथून मुलाला आधी बाहेर काढा.

## ‘गोळ्या बाहेर विकेल, मग?’

ही शंका रास्त आहे. ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनचा आपल्या देशात नशेसाठी वापर झालेला आहे. म्हणून तर सुरुवातीला गोळी नर्ससमोर जिभेखाली ठेवायची पद्धत असते, आणि विश्वास बसेल तसे दोन दिवसांचे, मग आठवड्याचे डोस घरी मिळतात. पंजाबनं २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून हा उपचार मोठ्या प्रमाणावर सुरू केला तोही आधी समोर डोस देऊनच.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर करायचं तेही यातच आहे. घरी न्यायचे डोस कमी करा, रोज बोलवा, डोस पुरतोय का बघा, समुपदेशकाबरोबर जास्त बसवा. म्हणजे उपचार घट्ट करा. शिक्षा म्हणून गोळी तोडली तर आधीच डोस कमी पडणाऱ्या माणसाला आणखी कमी दिल्यासारखं होतं.

## जिथं खरंच घाबरायला हवं

आतापर्यंत मी ‘घाबरू नका’ म्हणत आलो. एका गोष्टीला घाबरा: मिसळ. ब्युप्रेनॉर्फिन एकटं तसं सुरक्षित, पण त्यावर दारू, ‘बटन’ किंवा अल्प्राझोलामच्या गोळ्या घेतल्या तर ती वरची मर्यादा उपयोगाची राहत नाही. गर्द किंवा टॅपेंटाडॉलवर त्या घेतल्या तर धोका त्याहून मोठा. पुडी एकदा ओढल्यापेक्षा हे मिश्रण डॉक्टरांना आधी कळायला हवं, आणि घरचे नेमकं हेच सांगायचं विसरतात, कारण ‘ती तर झोपेची गोळी’.

हलवून उठत नाही, घोरल्यासारखा आवाज येतोय, श्वास मोजता येईल इतका मंद झालाय, ओठ निळसर पडलेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर लगेच १०८ ला फोन करा. कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून थांबू नका. रुग्णालयात नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, ते मिनिटांत श्वास परत आणू शकतं.

## किती दिवस घ्यायची?

ठरलेला आकडा नाही. अमेरिकेत दुखण्यावरच्या गोळ्यांचं व्यसन असलेल्यांवर मोठा अभ्यास झाला. बारा आठवडे औषधावर असताना निम्म्याच्या जवळपास लोक चांगले राहिले. औषध काढून घेतल्यावर आठ आठवड्यांनी ९ टक्केच तसे उरले. घाईनं बंद करण्याचा हा परिणाम. बऱ्याच जणांना वर्ष, दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त लागतात, आणि कमी करायची ती हळूहळू, आयुष्य बऱ्यापैकी बसल्यावर.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. खानापूर-आटपाडीकडचा मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी कुठल्यातरी लांबच्या राज्यात असतो, जतचा ऊसतोडीला जातो. दिवाळीत सुरू झालेला उपचार गाव सोडलं की तुटतो. जायच्या आधी डॉक्टरांकडून औषधाचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेलं पत्र घ्या, आणि तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. गोळ्या परगावी विकत मिळतील या भरवशावर निघू नका.

## डॉक्टरांसमोर बसल्यावर

सांगली-मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो ते आधी विचारून जा. व्यसनमुक्तीसाठी केंद्राची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.

पोलिसांची भीती वाटते म्हणून बरेच जण जातच नाहीत. एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४अ यासाठीच आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येतं.

डॉक्टरांना चार गोष्टी खऱ्या सांगा: शेवटचं कधी घेतलं, काय घेतलं, ओढलं की टोचलं, आणि त्याबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला टर्की दिवसाच्या कोणत्या वेळी येते ते सांगा, त्यावरून डोस ठरतो. मुलानं मध्ये पुडी ओढली असेल तर तेही त्यालाच सांगू द्या, तुम्ही शेजारी बसून त्याच्या तोंडचं काढून घेऊ नका.

आणि ‘औषध लागूच पडत नाही’ असं म्हणायच्या आधी एक साधी गोष्ट तपासा. ही गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यावी लागते, त्याला पाच ते दहा मिनिटं जातात. तोवर बोलायचं नाही, थुंकायचं नाही, चहा प्यायचा नाही, तंबाखू तर नाहीच. पोटात गेली तर तिचा बराचसा भाग रक्तात पोचण्याआधीच यकृतात नष्ट होतो. तुमचा मुलगा ती पाण्याबरोबर गिळत तर नाही ना, हे आज विचारून घ्या.